गुपित कधीच फुटलं आहे

दरवर्षी ३१ डिसेंबरला आमच्या नगर रोडवरची वाहतूक वळवली जाते. खराडीतल्या ऑफिसातून कोरेगाव भीमाला घरी यायला एरवी लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागतो. पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला राज्यभरातून लाखो माणसं येतात, निळे झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग लागते, चौकाचौकांत पोलीस उभे असतात. १ जानेवारी २०१८ नंतर हा बंदोबस्त वाढला. त्या दिवशी आमच्या घरची माणसं शटर ओढून आत बसली होती. बाहेर दगडफेक आणि जाळपोळ चालू होती. एका तरुणाचा जीव गेला.

हा दिवस जवळ आला की माझ्या वाट्याला दोन संवाद ठरलेले असतात.

पहिला ऑफिसच्या चहाच्या टेबलावर. माझा एक मित्र, हुशार माणूस, म्हणतो, "एल्गार परिषदेच्या आरोपींच्या लॅपटॉपमध्ये पत्रं कोणीतरी बाहेरून घातली, असं तुम्ही म्हणता. तू इंजिनिअर आहेस, हिशोब कर. पोलीस, तपास यंत्रणा, लॅब, वकील... किती माणसं लागतील? एवढ्या जणांच्या पोटात गुपित राहतं का? एखादा तरी फुटलाच असता."

दुसरा संवाद जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर. आमचे एक चाचा माझा हात धरून सांगतात, "बेटा, सब मिले हुए हैं." कोर्ट, पेपर, टीव्ही, अमेरिका, लस बनवणारे, सगळे एक. मी पुरावा विचारला की चाचा हसतात. म्हणतात, पुरावा मिळत नाही हाच तर पुरावा.

मित्राच्या मते एवढा मोठा कट लपूच शकत नाही, म्हणून तो झालाच नाही. चाचांच्या मते सगळंच कट आहे आणि सगळंच लपलेलं आहे. दोघं एकमेकांना मूर्ख समजतात. मला मात्र दोघांच्या बोलण्यात एकच गृहीत धरलेली गोष्ट दिसते: सत्तेचा गैरवापर टिकतो तो गुप्ततेच्या जोरावर. ही गोष्टच खोटी आहे. महाराष्ट्रातल्या गेल्या तीस वर्षांतल्या मोठ्या अन्यायांची यादी काढा. त्यातलं किती आज गुपित आहे? जवळजवळ काहीच नाही. सगळं फुटलेलं आहे, छापलेलं आहे, कोर्टाच्या कागदांवर आहे. तरी फरक पडला नाही, आणि आपण भांडायला हवं ते या मुद्द्यावर.

आधी मित्राचं गणित

मित्राचं गणित हवेतलं नाही. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात नेमका हाच हिशोब मांडला. कटात जितकी माणसं जास्त, तितकी तो फुटण्याची शक्यता जास्त. प्रत्यक्षात फुटलेल्या तीन प्रकरणांवरून त्याने एका माणसामागे एका वर्षात गुपित फुटण्याची किमान शक्यता काढली: साधारण दहा लाखांत चार. मग लोकप्रिय अफवांना हे माप लावलं. माणूस चंद्रावर गेलाच नाही, हे खरं धरलं तर नासाच्या ४ लाख ११ हजार माणसांना गप्प राहावं लागलं असतं. ग्राइम्सच्या हिशोबाने ते गुपित पावणेचार वर्षांच्या आत फुटलं असतं.

इथपर्यंत मी मित्राच्या बाजूने आहे. लसीतून मुस्लिमांची लोकसंख्या कमी करण्याचा जगभरचा कट वगैरे कल्पना या गणितासमोर टिकत नाहीत. पण हेच सूत्र उलट बाजूने चालवून बघा. कटात लाखो नाहीत, फक्त दहा माणसं आहेत. त्याच दराने, शंभर वर्षांत त्यातला कोणी फुटण्याची शक्यता येते हजारात चार. म्हणजे लहान टोळीचं गुपित आतून फुटेल, याची वाट बघण्यात अर्थ नाही. शिवाय दर काढला तो फुटलेल्या प्रकरणांवरून. जे कधी फुटलंच नाही ते या हिशोबात येत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा: लॅपटॉपमध्ये पत्र घालायला खरंच किती माणसं लागतात?

लॅपटॉप काय सांगतो

घटनाक्रम थोडक्यात. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराबद्दल दुसऱ्याच दिवशी पिंपरी पोलीस ठाण्यात मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्याविरुद्ध तक्रार झाली. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात दुसरी फिर्याद आली, हिंसाचाराच्या आदल्या संध्याकाळी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेविरुद्ध. तपास या दुसऱ्या फिर्यादीच्या रस्त्याने धावला. १७ एप्रिलला दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरी छापा पडला, लॅपटॉप जप्त झाला. ६ जूनला पाच जणांना अटक, २८ ऑगस्टला आणखी पाच जणांना, आणि २०२० संपेपर्यंत एकूण सोळा जण. वकील, कवी, प्राध्यापक, शाहीर, एक वृद्ध पाद्री. पंतप्रधानांच्या हत्येच्या कटापर्यंत आरोप गेला, तो लॅपटॉपमध्ये सापडलेल्या पत्रांच्या आधारावर. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत ही पत्रं वाचून दाखवली. खटला उभा राहण्याआधीच टीव्हीवर निकाल लागला. जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला.

आरोपींच्या वकिलांना कोर्टाच्या प्रक्रियेतून लॅपटॉपची डिजिटल प्रत मिळाली. ती त्यांनी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीला तपासायला दिली. त्यांचा पहिला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने जगासमोर आणला. मी तो आमच्या धंद्यातला माणूस वाचतो तसा, लॉग बघत वाचला.

१३ जून २०१६ ला विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून ईमेल आला. त्यातलं कागदपत्र उघडलं आणि लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचा मालवेअर शिरला. हा काही गुप्तहेरांचा खास शोध नाही, बाजारात विकत मिळणारी वस्तू आहे. पुढचे बावीस महिने, छाप्यापर्यंत, कोणीतरी दुरून तो लॅपटॉप चालवत होतं. एक लपवलेला फोल्डर तयार झाला, त्यात पत्रं येऊन पडत गेली. ही पत्रं वर्डच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीत तयार करून पीडीएफ केलेली होती. विल्सन यांच्या लॅपटॉपवर वर्ड २००७ होतं. ती पत्रं त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूणही सापडली नाही. पुढे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाचा अहवाल आला, त्यातही तेच. फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाबद्दलचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. १२ जून २०१९ ला पोलिसांनी तो संगणक जप्त केला. आदल्या दिवशी, ११ जूनला, घुसखोराने आपल्या खुणा पुसायला सुरुवात केली होती. उद्या जप्ती आहे हे त्याला कसं कळलं, हा प्रश्न कुठल्याही इंजिनिअरला पहिल्याच वाचनात पडेल. अहवाल आला तेव्हा स्टॅन स्वामी हयात नव्हते. पार्किन्सन्सने हात थरथरणाऱ्या ८४ वर्षांच्या या माणसाचं ५ जुलै २०२१ ला कोठडीतच, मुंबईच्या रुग्णालयात निधन झालं.

वर्डच्या आवृत्तीचा मुद्दा किरकोळ वाटत असेल तर तुर्कस्तानकडे बघा. तिथे 'बाल्योझ' खटल्यात २०१२ मध्ये तीनशेहून अधिक लष्करी अधिकाऱ्यांना बंडाच्या कटाबद्दल शिक्षा झाली. पुरावा होता २००३ साली तयार केल्याचं सांगितलेल्या सीडींचा. त्यांच्यातल्या फाइलींत ऑफिस २००७ सोबत आलेल्या कॅलिब्री फॉन्टच्या खुणा निघाल्या. २०१५ मध्ये फेरखटल्यात सगळे निर्दोष सुटले. मुस्लीमबहुल देशातल्या पोलिसांच्या हाती आलेला पुरावाही बनावट निघू शकतो. सत्तेला धर्म लागत नाही, लॅपटॉप लागतो.

एनआयएची बाजूही सांगितली पाहिजे. खाजगी प्रयोगशाळेचं मत ग्राह्य धरू नये, आमच्या तपासात छेडछाड आढळली नाही, जे काय ते खटल्यात ठरेल, असं त्यांचं म्हणणं आहे. आर्सेनलने घुसखोराचं नावही दिलेलं नाही. पण गोष्ट तिथे थांबली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवलं की याच घुसखोराने गेली दहा वर्षं देशातल्या कार्यकर्त्यांना, वकिलांना, पत्रकारांना लक्ष्य केलं होतं. जून २०२२ मध्ये 'वायर्ड'ने छापलं की आरोपींपैकी तिघांच्या ईमेल खात्यांना मागच्या दाराने जोडलेला रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर पुणे पोलिसांतल्या, याच तपासाशी जवळून संबंधित असलेल्या एका अधिकाऱ्यापर्यंत जातो.

माझ्या मित्रा, तू म्हणालास एखादा तरी फुटला असता. माणूस नाही फुटला. यंत्र फुटलं. लॉग गप्प बसत नाही.

दहा जणांचा कट, हजारांची नोकरी

मित्राच्या हिशोबातली खरी चूक आता दिसते. तो सगळ्या यंत्रणेला कटात मोजतो: छाप्याला गेलेला हवालदार, पंच, लॅबचा कारकून, सरकारी वकील, बातमी देणारा निवेदक. यातल्या कोणालाच काही लपवावं लागत नाही. हवालदाराने लॅपटॉप पिशवीत घालून सील केला, खरोखरच केला. लॅबने लॅपटॉपमध्ये पत्रं आहेत असं लिहिलं, ती खरोखरच होती. वकिलाने फाइलमध्ये आहे तेवढं वाचलं. निवेदकाला कागद मिळाला, त्याने तो ओरडून वाचला. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि घरी गेला. गुपित असलंच तर ते सुरुवातीच्या मूठभरांकडे. बाकी हजारोंकडे फक्त नोकरी आहे.

मी पहिली नोकरी केली त्या कंपनीत बिलाच्या मॉड्यूलमध्ये एक बग होता. काही ग्राहकांना दर महिन्याला थोडे पैसे जास्त लागायचे. त्याचं तिकीट बोर्डावर होतं. आम्ही चाळीस जण ते रोज सकाळच्या मीटिंगला बघायचो. कोणी लपवलं नाही, कोणी खोटं बोललं नाही. 'लो प्रायॉरिटी' असा शिक्का होता. चौदा महिने ते तिकीट तिथेच राहिलं. त्या चाळीसांत मीही होतो. मीही काही बोललो नाही.

सरकारच्या बाबतीत हेच तिकीट म्हणजे कोठडीतली वर्षं. २८ जुलै २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना म्हटलं की ज्या पत्रांवरून त्यांना गुंतवलं, ती त्यांच्याकडे सापडलेली नाहीत आणि ऐकीव पुराव्याच्या जातीची आहेत. हे म्हणेपर्यंत दोघांची जवळजवळ पाच वर्षं गेली होती. विल्सन आणि सुधीर ढवळे यांना ८ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. साडेसहा वर्षांनंतरही आरोप निश्चित झाले नव्हते आणि साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती. गुपित टिकवायची गरज कोणाला आहे? खटला रेंगाळला की पुरे.

आमच्या गावाबद्दलही तेच. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये नेमला गेला तेव्हा त्याला चार महिन्यांची मुदत होती. मग मुदतवाढीमागून मुदतवाढ. त्या वेळी दौंड विभागाचे उपविभागीय अधिकारी असलेल्या पोलिसाने डिसेंबर २०२२ मध्ये याच आयोगासमोर उलटतपासणीत सांगितलं की १ जानेवारीची दंगल एल्गार परिषदेमुळे झाली असं दाखवणारी काही माहिती किंवा साहित्य त्याच्याकडे आलं नाही. शपथेवर, उघड सुनावणीत. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. तिसऱ्या दिवशी विसरलं गेलं.

नाव अमजद खान

हे फक्त डाव्यांचं, दलितांचं प्रकरण आहे, आपण कशाला पडा, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी पुण्याचीच दुसरी गोष्ट. २०१६ ते २०१८ या काळात पुण्यात काही राजकीय नेत्यांचे फोन टॅप झाले, असं प्रकरण पुढे विधानसभेत गाजलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. टॅपिंगची परवानगी मागताना कागदावर खरी नावं नव्हती. नाना पटोले यांचा नंबर होता 'अमजद खान' या नावाने. बच्चू कडू यांचा 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाने. कारण दिलं होतं अमली पदार्थांच्या व्यापाराचं.

जरा थांबून विचार करा. ही नावं का निवडली असतील? माझा अंदाज साधा आहे. फाइलवर पटोले लिहिलं असतं तर सही करणाऱ्याने मान वर करून बघितलं असतं. अमजद खान लिहिलं की कोणी बघत नाही. आपलं नाव हाच त्यांचा मास्टर पासवर्ड आहे.

हे सगळं उघड झालं. पुढे? सरकार बदललं, सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, आणि ज्या अधिकाऱ्यावर तो होता त्या जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपलं, ते मला मान्य आहे. पण ती नावं फाइलवर कोणी आणि का लिहिली, याचं उत्तर जनतेला मिळालं नाही. आपणही ते मागितलं नाही.

मालेगाव आठवा. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, जुम्याचा दिवस. स्फोटांत तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक आपलीच, आणि अटकही आपल्याच नऊ जणांना झाली. त्यातला एक जण स्फोटाच्या आधीपासून मुंबईत पोलिसांच्याच ताब्यात होता. दुसरा त्या दिवशी शेकडो किलोमीटर दूर, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. हे गुपित होतं का? तरी कोर्टाने आरोपमुक्त करायला एप्रिल २०१६ उजाडलं. तोवर नवांपैकी एक जण हयात नव्हता.

त्याहून जुनी गोष्ट. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत साधारण नऊशे माणसं गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पाच वर्षं साक्षी ऐकून फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. कोणी काय केलं, कोणत्या पोलिसाने काय केलं, एकतीस पोलिसांच्या नावांसह लिहिलं. सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले. अहवाल आजही कोणालाही वाचता येतो.

अमेरिकेतही हेच झालं. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता 'अभ्यासला'. पेनिसिलीन हाताशी आल्यावरही दिलं नाही. ग्राइम्सने हे प्रकरण फुटलेलं गुपित म्हणून मोजलं. पण या प्रयोगावरचे लेख १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डॉक्टर ते वाचत होते. ती माणसं त्यांच्यासाठी महत्त्वाची नव्हती, इतकंच.

आता चाचांशी भांडण

हे वाचून चाचा म्हणतील, बघ, मी सांगत होतो. नाही चाचा, तुम्ही हे सांगत नव्हता. वरच्या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे, कागद आहे, तो कागद काढणारा माणूस आहे. मालेगावच्या मुलांसाठी वकिलांनी वर्षानुवर्षं तारखा केल्या. लॅपटॉपची प्रत मिळवायला अर्ज करावे लागले. 'सब मिले हुए हैं' म्हणणाऱ्याने यातलं काही केलं नाही. सगळेच मिळालेले असतील तर अर्ज करायचा कोणाकडे? हे वाक्य बोलणाऱ्याला बंडखोर वाटतं, पण सत्तेला यापेक्षा सोयीचं दुसरं वाक्य नाही.

आणि त्याची किंमत आपणच मोजतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना जाहीरपणे सांगावं लागलं की मुस्लीम वस्त्यांत लसीबद्दल संकोच आहे, म्हणून सलमान खानची मदत घेऊ. मला त्या दिवशी लाज वाटली. लसीत काय मिसळलंय याचे फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर रोज फिरत होते. आर्सेनलचा अहवाल एकदाही फिरला नाही. खोटा कट हजार जणांना पाठवायला अंगठा पुरतो. खरा समजून घ्यायला एक दुपार बसावं लागतं.

पुराव्याचा नियम आपल्याला न आवडणाऱ्यांनाही लावावा लागतो, हेही कडू आहे पण सांगितलं पाहिजे. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बारा जणांना निर्दोष ठरवलं, तेव्हा आपण न्यायालयाचे आभार मानले. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला, सुटलेल्यांना परत आत न पाठवता, स्थगिती दिली. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने मालेगाव २००८ च्या खटल्यात साध्वी प्रज्ञासिंह आणि कर्नल पुरोहितांसह सात जणांना पुराव्याअभावी सोडलं, तेव्हा आपणच 'सगळं मॅनेज आहे' म्हणालो. त्या निकालावर अपील व्हावं, तपास का ढासळला हे विचारलं जावं, मी त्या बाजूचा आहे. पण दहा दिवसांत माप बदलता येत नाही. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांच्या बाबतीत विसरलो तर आपल्या मुलांच्या बाबतीत ते कोणाला सांगणार?

मग मागायचं काय

मी इंजिनिअर आहे, म्हणून मागण्या नेमक्या ठेवतो.

एक. एल्गार परिषद खटल्यातल्या डिजिटल पुराव्याची न्यायालयाच्या देखरेखीखाली स्वतंत्र तपासणी व्हावी. बचाव पक्षाची नाही, तपास यंत्रणेची नाही, दोघांना मान्य अशा तज्ज्ञांची. आर्सेनल चुकीचं असेल तर ते सिद्ध होईल. 'खटल्यात बघू' हे उत्तर आरोप निश्चित व्हायलाच वर्षं लागतात तिथे उत्तर नसतं.

दोन. उपकरण जप्त करताना पंचांसमोर, जागेवरच त्याची हॅश किंमत काढावी आणि प्रत मालकाला द्यावी. हॅश म्हणजे फाइलींच्या ढिगाचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाने डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश मागितला, नव्या नागरिक सुरक्षा संहितेने जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, हे चांगलं झालं. पण हॅश फक्त जप्तीनंतर बदल झाला नाही एवढंच सांगतो. विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये घुसखोरी जप्तीच्या आधी बावीस महिने चालू होती. म्हणून ज्या खटल्यात आरोप फाइलींवर उभा आहे, तिथे ती फाइल यंत्रात कुठून, कधी आणि कोणाच्या हाताने आली, याची तपासणी आधी बंधनकारक हवी.

तीन. पटेल आयोगाचा अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळात मांडला गेला पाहिजे. चौकशी आयोग कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. श्रीकृष्ण अहवालाचं झालं ते याचं होऊ द्यायचं नसेल तर मागणी आत्तापासून हवी, आणि ती फक्त आंबेडकरी संघटनांची नको. शिरूर-हवेलीतल्या मुस्लीम जमातींनी आपल्या आमदार-खासदारांना तसं लेखी कळवावं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ऑफिसातल्या मित्राला मी आर्सेनलचा अहवाल पाठवला आहे. त्याला सांगितलं, माणसं मोजू नकोस, टाइमस्टॅम्प बघ आणि चूक सापडली तर मला दाखव. चाचांना अहवाल वाचता येणार नाही, पण त्यांची सही सुरेख आहे, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान आहे. पुढच्या जुम्याला मी आमदारांच्या नावाचं पत्र टाइप करून नेणार आहे. पहिली सही त्यांची घ्यायची. ते म्हणतील, बेटा, इससे क्या होगा? मी सांगणार आहे की चौदा महिने एक तिकीट बघत मीही हेच म्हणत होतो.